टाकीवरची रेघ

त्यांनी मला न्यायला गाडी पाठवली होती, विजेवरची.
निघालो कधी, कळलंच नाही.

मी विनिफ्रेड टाँक्स, वय ब्याऐंशी.
वेदरल मोटारसायकल कंपनी, वुल्वरहॅम्प्टन,
रंगखातं, तिसरी खिडकी.
सत्तावन्न सालापासून कुलूप लागेपर्यंत
पेट्रोलच्या टाक्यांवर मी सोनेरी रेघ ओढली.
इंजिन कुणाचं, आराखडा कुणाचा,
त्याची भांडणं पुरुष अजून करतात.
रेघ माझी.

खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश,
करंगळी टाकीच्या कडेला टेकलेली.
श्वास कोंडायचा नाही, मिस हिंगली सांगायच्या,
अर्धा सोडायचा,
आणि उरलेल्या अर्ध्यावर
गुडघ्याच्या खाचेपासून पार नाकापर्यंत जायचं.
थांबलीस तर गाठ पडते.
गाठ पडली की टर्पेंटाइन, चिंधी
आणि पगारातून सहा पेनी.

पुरुष गाड्या तपासायला फाटकाबाहेर काढायचे,
पावसात, कालव्याच्या कडेने.
मान वर न करता आम्हाला कळायचं
साडेतीनशे आहे की पाचशे,
नवशिका आहे की हॉरेस.

हॉरेस काम नसताना थांबायचा
तिसऱ्या खिडकीखाली, इंजिन चालू ठेवून.
काचा थरथरायच्या.
माझ्या हातच्या किती टाक्यांवर
डाव्या बाजूला, झाकणाच्या जरा खाली,
एक केसभर लाट आहे.
तपासनिसाला ती दिसली नाही.
कुठे कुठे फिरत असेल,
मलायात, ऑस्ट्रेलियात,
कुणा दंतवैद्याच्या गॅरेजमध्ये चादरीखाली.

मग जपानहून आल्या
बटणावर चालू होणाऱ्या, तेल न गाळणाऱ्या शहाण्या गाड्या.
आम्ही हसलो. वर्षभर हसलो.
एका शुक्रवारी पाकिटात दोन आठवड्यांचा पगार निघाला.
ब्रश मी बाहीत घालून घरी आणला.
चोरीचा आहे, हवं तर लिहून घ्या.

कारखान्याच्या जागी आता गालिचे मिळतात.
हॉरेसला जाऊन अकरा वर्षं झाली.
त्याची पाचशे शेडमध्ये आहे, अजून थेंब थेंब तेल सांडते.
मी खाली वर्तमानपत्र घालते, सोमवारी बदलते,
म्हातारं कुत्रं पाळल्यासारखं.

आणि आता हा हॉल, हे दिवे, कापडाखाली नवी वेदरल.
मालक तरुण. भारी बूट, मोजे नाहीत.
लेकराला आपण म्हणतो, नाव काढ.
याने नाव विकत घेतलं होतं, रीतसर, कागदावर.
पण "आजोबांकडे एक होती" म्हणताना
त्याचा गळा दाटला,
आणि ते खोटं नव्हतं.

कापड ओढलं. टाळ्या.
तोच गर्द हिरवा, तीच गोलाई.
रेघसुद्धा.
मी चष्मा बदलून वाकले.
कुठून सुरू झाली ते सापडेना.
लॅकरखाली बसवलेली, नखाला लागत नव्हती.
"कशी वाटते, मिसेस टाँक्स?"
माईक हनुवटीशी.

सरळ आहे, मी म्हणाले.
त्यांना ते कौतुक वाटलं.
थोडं होतंही.

परत सोडताना ड्रायव्हर, सुखजिंदर,
म्हणाला, वडील ओतशाळेत होते, तुमच्या समोरच्या गल्लीत.
मी विचारलं, किक मारता येते?
त्याने कोट काढून कुंपणावर टाकला.
कार्ब्युरेटरची गुंडी दाब, म्हटलं, बोट ओलं होईपर्यंत.
आता हळूच. आता मनापासून.

सातव्या किकला स्वयंपाकघराच्या काचा थरथरल्या.
शेजारणीने खिडकी लावून घेतली.
त्याच्या पांढऱ्या बाहीवर तेल उडालं, तो हसत होता.
थांब, मी म्हटलं, टर्पेंटाइन आणते.
पण लगेच गेले नाही.